डाव्या चाकावरची पट्टी

सामंत सर माझ्या शेडमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे झाडूच्या काड्या, आणि सुतळी होती. मी सातवी नापास. रत्नागिरीच्या बंदरावर मच्छीमार बोटींचे वेल्डिंग करण्यात माझे आयुष्य गेले. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहिताना काही चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे, कारण मला कालपासून तीच काळजी लागली आहे.

सर तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाले होते. त्यांना जुन्या धाटणीची शर्यतीची गाडी बांधायची होती. एकच माणूस बसणारी, इंजिन पाठीमागे, चारही चाके अंगाबाहेर उघडी. आराखडा त्यांचाच.

मी म्हटले, "सर, एवढ्याशा नळ्यांवर माणूस बसवणार?"

त्यांनी हिरांचा चौकोन बांधून बोटाने ढकलला. तो कलंडला. मग त्यात एक हीर तिरपा बांधला. "आता ढकला," म्हणाले. चौकोन हलेना. तसाच सगळा सांगाडा आम्ही तिरप्या नळ्यांनी बांधला.

गाडी पुरी होत आली आणि धास्तीने माझे जेवण सुटले. सर स्वतः चालवणार होते. बोटीत शंका आली की वरून एक पट्टी मारायची, ही आम्हा बंदरवाल्यांची सवय. पुढच्या डाव्या चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या जोडावर मी सरांना न विचारता पट्टी मारली आणि वर रंग दिला.

दुसऱ्या दिवशी चाके सरळ बसलीत का ते बघायला सरांनी दोरा लावला. डावे चाक तांदळाच्या दाण्याएवढे कलले होते. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली गेली होती. सरांनी रंगावरून बोट फिरवले.

"काय हो महादेवराव, गाडी पाण्यात सोडायचीय काय?"

"भीती वाटली, सर. तुम्ही बसणार त्यात."

"मग मला सांगायचं. रंगाखाली कशाला लपवलंत?"

दुसऱ्या कोणी दुसरा वेल्डर बघितला असता. सरांनी मलाच तीन नवे दांडे करायला लावले. दोन जॅकखाली घालून मोडायचे, तिसरा बसवायचा. जॅक चढत गेला. दोन्ही वेळा नळी वाकली. जोड जागचा हलला नाही. "एवढा भार गाडीत कधीच येणार नाही," सर म्हणाले, "आता जेवा."

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, मोकळ्या रस्त्यावर सर गाडी घेऊन सुटले तेव्हा मी डोळे मिटून उभा होतो. आवाज लांब गेला, विरला, मग परत येऊन माझ्याजवळ थांबला. "महादेवराव, उघडा डोळे!"

पुढे याच डोळ्यांचे ऑपरेशन झाले. घरात मी एकटा. सर रोज रिक्षाने येऊन माझ्या डोळ्यांत औषध घालत होते.

पंचाहत्तरीला गाडी पुन्हा सड्यावर काढणार, असे सर म्हणतात. मला ते पटत नाही, पण ऐकतील ते सर कसले? त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. फक्त निघण्याआधी मला बोलवावे. डाव्या जोडावरून एकदा हात फिरवीन. या खेपेला डोळे उघडे ठेवीन.