कोणी विचारायचं नाही

आमच्या दवनीवाड्यात माणसं एक तर घसा फाटेस्तोवर बोलतात, नाही तर अजिबात बोलत नाहीत. मधलं काही त्यांना जमत नाही. मी इथलीच, इथल्याच शाळेत मास्तरीण, त्यामुळे हे म्हणायचा मला हक्क आहे. या सवयीपायी माझ्या चुलत बहिणीचं एक वर्ष, आणि कदाचित पुढचं सगळंच, वाया जायची वेळ आली होती.

बहिणीचं नाव रचना. हिरालालकाका आणि सुमनकाकूंची एकुलती एक पोर. लहानपणापासून अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायची. भज्यांचा तेलकट कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. नववीत गेल्यापासून ते काम रचनाकडे. बाया धानाच्या रोवणीवरून येत, पायांचा चिखल धुऊन चटईवर बसत. रचना चौरंगामागे बसून वाचे आणि अवघड शब्द आला की थांबून आपल्या बोलीत समजावून सांगे. म्हातारी जमुनाबाई कमी ऐकू येतं म्हणून अगदी पुढ्यात बसे. "मंग का झालं वो?" हे तिचं दरवर्षीचं, जणू गोष्ट पहिल्यांदाच ऐकते आहे. त्या वेळचा रचनाचा तोरा बघण्यासारखा असे.

दोन हजार पाच साली तिने बारावीनंतर मेडिकलची सीईटी दिली. गावाने तिला त्याआधीच डॉक्टरीण करून टाकलं होतं. यादी लागली, तिचं नाव नव्हतं. अगदी थोडक्यात हुकलं. नातेवाईक म्हणाले, डी.एड. कर, दोन वर्षांत मास्तरीण होशील. मी स्वतः डी.एड. केलेली, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही, पण या पोरीच्या मनात ते कधीच नव्हतं. हिरालालकाका गवंडीकाम करत आणि बोलणं मोजकंच. ते एवढंच म्हणाले, "एक साल अजून वाच. डी.एड. काही पळून नाही चालली." मग तसं ठरलं. वर्षभर घरी अभ्यास, रविवारी गोंदियाला क्लासमध्ये टेस्ट आणि मे महिन्यात पुन्हा परीक्षा.

आषाढी पौर्णिमा आली. रचना न्हाऊन, पांढरा ड्रेस घालून विहारात गेली. चौरंगामागे ग्रामपंचायतीचा चपराशी दुधराम बसला होता. ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द ओढून काढत होता. रचनाला कोणी "ये" म्हटलं नाही, की असं का केलं तेही सांगितलं नाही. बायांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि माना खाली घातल्या. ती दाराशी थोडा वेळ थांबली आणि घरी परत आली.

पुढे रोजच तसं होऊ लागलं. ती हातपंपावर गेली की बायांचं बोलणं मध्येच थांबे. घरात सुमनकाकूही अभ्यासाचा शब्द काढेना. रचनाने पुस्तकं मिटून फळीवर ठेवली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "ताई, मले डी.एड.चा फॉर्म आणून दे. हुकलेल्या पोट्टीच्या तोंडून गावाले आयकाचंबी नाही. वर्षभर तोंड लपवून कशी बसू मी?"

माझं डोकंच फिरलं. विहारातल्या मंडळींना जाब विचारायला मी उठणार, तेवढ्यात मागच्या दाराने, इकडेतिकडे बघत, जमुनाबाई आत आली.

"पोरी, पुढं का झालं ते सांग मले," ती म्हणाली. "सिद्धार्थ घरून निघाला अन् दुधराम तिथंच अटकला. वाचते का बैल हाकलते, काही समजत नाही."

"मले कायले इचारता?" रचना उसळली. "तुमीच तं काढलं मले!"

"काढलं?" जमुनाबाई ओरडलीच. तिला हळू बोलता येत नाही. "अवो, सुट्टी देल्ली तुले! तुह्या अभ्यासाचा वखत वाचला पाह्यजे म्हणून त्या दुधरामले सोसून रायलो आमी. बायांची बैठक झाली. तुह्या मायनंबी हात वर केला."

"मंग मले सांगाचं नाही का?"

"कसं सांगाव? पोरीचा जीव दुखते, तिच्यासमोर परीक्षेचं नावच काढाचं नाही, हेबी तिथंच ठरलं ना. मी आता काढलं, तं कोणाले सांगू नोको."

हे "सांगू नोको" अर्ध्या गल्लीने ऐकलं असणार. रचना हमसून हमसून रडली. यादीच्या दिवशीही ती रडली नव्हती. जमुनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण सिद्धार्थाचं पुढे काय झालं हे विचारायला काही विसरली नाही. रचनाने नाक पुसत पुसत सगळं सांगितलं. मला मात्र बायांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं, काही कळेना. एवढी माया करतात, आणि ती सांगायची अक्कल नाही!

मी म्हटलं, "जा आता विहारात, तुझी जागा परत घे." ती मान हलवून म्हणाली, "त्यायनं वखत देल्ला हाय ताई. तो वापस कसा करू?" त्या दिवसापासून विहाराच्या भोंग्यावर दुधराम अडखळायला लागला की रचना पुस्तक उघडून बसे. आपल्याला कळलं आहे, हे तिने कोणाला जाणवू दिलं नाही. बायाही पक्क्या. परीक्षेच्या सकाळी तिला सोडायला अर्धी गल्ली बसस्टँडवर आली आणि गाडी येईस्तोवर आंब्याच्या लोणच्यावर बोलत उभी राहिली.

जुलैत यादी लागली. मी तिच्यासोबत गोंदियाच्या सायबर कॅफेत होते. कॅफेवाल्याने पडद्यावर बोट ठेवलं, "आ गया नाम दीदी, नागपुर मिला." रचनाने ते नाव स्वतः वाचलं. मोठ्याने नाही, मनात.

बसमधून उतरल्यावर ती घराकडे वळलीच नाही. तडक शेतात गेली. रोवणी चालू होती. आम्हाला पाहून बायांच्या कंबरा सरळ झाल्या. हातात रोपांच्या जुड्या, सगळ्यांच्या नजरा रचनाच्या चेहऱ्यावर, आणि तोंडं सगळ्यांची बंद.

रचना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून ओरडली, "आता तं इचारा!"

मग सुमनकाकूचा आवाज आला, इतका बारीक की तिचा वाटेना. "लागला का वो नंबर?"

रचनाने होकाराची मान डोलावली. काकू धानाच्या बांधीतल्या चिखलातून झपाझप आली आणि जवळ आल्यावर थबकली. पोरीचे कपडे खराब होतील म्हणून तिने बरबटलेले हात पाठीमागे धरले. रचना चपलांसकट चिखलात उतरली आणि तिने आईला घट्ट मिठी मारली.