घरातला कापूस आणि माझा उजवा डोळा
आमच्याकडे कापूस वेचून झाला की तो घरातच येतो. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी लागते आणि भाव चढेपर्यंत आम्ही सगळे उरलेल्या घरात अंग चोरून राहतो. बोरी अरबच्या आसपास बहुतेक घरांत हेच. ऊन तापलं की त्या कापसाची खाज सुटते. बाकीच्यांना हातांना, मानेला, मला डोळ्यांना. मी डोळे चोळायची ते मुठी वळून, दातओठ खात. चोळल्यावर जे बरं वाटायचं, त्याला तोड नव्हती.

कॉलेजला मी दारव्ह्याला जायची. तिथल्या दुकानात चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा. दुकानदार मोबाइलला दोष द्यायचा, आई माझ्या जागरणांना आणि मी दुकानदाराला. मग उजव्या डोळ्याला जीपच्या एका दिव्याचे चार दिसू लागले, फळ्यावरच्या अक्षरांना शेपट्या फुटल्या, तेव्हा बाबा मला नागपूरला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. त्यात एक लाल डाग होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत होता. काही महिन्यांनी पुन्हा नकाशा काढला, तर डाग पसरलेला. असाच पसरत राहिला तर एक दिवस दुसऱ्या कुणाच्या डोळ्याचा पडदा बसवायची वेळ येईल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. उपाय होता. डोळ्यात जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालायचे, वरून निळसर अतिनील प्रकाश द्यायचा, म्हणजे पडदा घट्ट होतो.

"गेलेली नजर परत येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "आहे ती टिकवायची. आणि आजपासून डोळे चोळणं बंद."

बाहेर आल्यावर मी बाबांवरच भडकले. "मंग करायचं कायले? चष्मा तं राहीनच, वरून दुखन ते वेगळं!"

बाबा पुन्हा आत गेले आणि बाईंना विचारून आले, "घरात कापूस भरला असला तं चालते का?"

आमच्या बाबांचा कापूस पोळ्याच्या बैलांसोबतच निघतो, अशी गावभर थट्टा होती. भाव चढेल या आशेवर ते सगळ्यांच्या शेवटी विकत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी बोलावली. शेजारचे काका धावत आले. "भाव चढून राह्यला अन् तू विकून राह्यला? पागल झाला का?"

"डोया कोन्त्या बाजारात भेटते, ते सांग," बाबा म्हणाले आणि गंजीवर चढले. मला रडू आलं, पण चोळायची सोय नव्हती.

उपचाराच्या वेळी काही कळलं नाही. डोळा बधिर होता. वरची पातळ साल खरवडली, बराच वेळ थेंब घातले, मग मी त्या निळ्या उजेडाकडे बघत पडून राहिले. पुढचे काही दिवस मात्र डोळ्यात वाळू भरल्यासारखं दुखलं, आणि मी सगळ्या घराला शिव्या घातल्या. दुपारी मी झोपले की आई शेजारी माझी मनगटं धरून बसायची. भेटायला येणाऱ्या बाया विचारायच्या, "ऑपरेशन झालं, तं चष्मा काहून?" पहिल्या दोघींना मी नीट सांगितलं. तिसरीला नाही.

सहा महिन्यांनी बाबा आणि मी पुन्हा नकाशा काढायला गेलो. बाईंनी जुना नकाशा आणि नवा शेजारीशेजारी ठेवला. लाल डाग होता तेवढाच होता. "थांबलंय," त्या म्हणाल्या. दरवर्षी दाखवायला या, एवढंच वर सांगितलं.

बाबा बाहेर धावले आणि त्यांनी आईला फोन लावला. फोनवर ते नेहमीच ओरडून बोलतात. "काईच फरक नाही पडला वं! जसंच्या तसं हाय!" आणि ढसाढसा रडू लागले.

बाकावरच्या एका बाईला राहवेना. तिनं त्यांना शेजारी बसवलं, पाण्याची बाटली पुढे केली. "धीर धरा भाऊ. देव काहीतरी रस्ता काढन."

"काकू, हे खुशीनं रडून राह्यले," मी म्हटलं. तिला ते काही पटलं नाही. बाबा पाणी पिताना हसत होते, रडत होते. मी चष्मा काढला, डावा डोळा मिटला आणि त्यांच्याकडे नुसत्या उजव्यानं पाहिलं. चेहरा पुसटच होता. पण एवढा तरी तो आता दिसत राहणार होता.