नानांसाठी टाकलेली खाट

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटते. मी शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या घरात लिंबू-मिरची कधी टांगली गेली नाही, दृष्ट काढली गेली नाही. वडील, म्हणजे आमचे नाना, दवाखान्यात कंपाउंडर — त्यांचा देव म्हणजे उकळलेलं पाणी आणि कार्बोलिक साबण. तेव्हा मी पुढे जे लिहितेय ते कुणाला पटावं म्हणून लिहीत नाही. मलाच ते पुरतं पटलेलं नाही. पण ज्यांनी ते पाहिलं त्यातली आता मी एकटीच उरलेय, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही पनवेलचे. पन्नास-बावन्न सालचं पनवेल म्हणजे बैलगाड्या, भाताच्या गिरण्या आणि खाडीवरून येणारा खारट वारा. माझा थोरला भाऊ मधू — उंच, काटक, घरात ठरायचाच नाही. दर हिवाळ्यात तो आणि त्याचे मित्र एका रविवारी डोंगराकडे पायी जायचे. विचुंबे डाव्या हाताला सोडून नेऱ्याला, आणि तिथून पुढे गाढी नदीच्या काठाकाठाने जाणारा गाडीरस्ता धरून माथेरानच्या पायथ्यापर्यंत. उजवीकडे प्रबळगड, डावीकडे नदी, मध्ये रस्ता. आता तिकडे देहरंगचं धरण झालंय. तेव्हा नुसतं पाणी वाहायचं... गुडघाभर, तळाचे गोटे दिसणारं.

एका उन्हाळ्यात ही मंडळी हौसेने अवेळीच तिकडे जाऊन आली, आणि पंधरवड्यात मधूला विषमज्वर झाला. नवीन औषध निघालं होतं म्हणे, पण ते मुंबईहून येईपर्यंत उशीर झाला. तेवीस वर्षांचा मुलगा... गेला.

नाना रडले नाहीत. त्यांनी एवढंच ठरवून टाकलं की नदीचं पाणी बाधलं, आणि ते पाणी त्याला मित्रांनी पाजलं. दत्तू आणि इब्राहिम हे मधूचे जिवलग. दत्तू गिरणीत कामाला, इब्राहिमच्या वडिलांची लाकडाची वखार. दोघं दाराशी आले की नाना आत निघून जायचे. आईशी, माझ्याशीही बोलणं कामापुरतं. रात्री झोप नाही. पावसाळ्यात ते मागच्या अंगणात शेवाळावर घसरले आणि उजवा गुडघा धरला, तेही त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. डॉक्टरांच्या हाताखाली काम करून डॉक्टरांना सांगितलं नाही. दाराला कडी लावून मी आणि आई मिठाच्या पुरचुंडीने शेकायचो. बाहेर ते ताठ चालायचे.

थंडी पडली तसा इब्राहिम आईला भेटायला आला. पायरीवरच उभा राहून म्हणाला, "काकू, येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत. मधूशिवाय जायचं जिवावर येतंय, पण नाही गेलो तर त्याला आवडणार नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय जावंसं वाटेना."

आई काही बोलायच्या आत नाना आतल्या खोलीतून बाहेर आले.

"मीही येतो," ते म्हणाले. "कुठलं पाणी पाजलंत ते मला बघायचंय."

इब्राहिम खाली मान घालून म्हणाला, "नाना, आम्ही सगळेच तेच पाणी प्यायलो होतो."

तो गेल्यावर आई मला म्हणाली, "सुमे, तू जा त्यांच्याबरोबर. एकटं सोडू नकोस."

अशी मी, अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, त्या पुरुषांच्या घोळक्यात गेले. मधू असताना हट्ट करून थकले होते, तेव्हा कुणी नेलं नव्हतं. नेऱ्यापर्यंत दत्तूच्या मामांची बैलगाडी होती. पुढे पायी. दत्तू, इब्राहिम, आणखी तिघं-चौघं, नाना आणि मी. नानांच्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली होती आणि बूच लावलेली एक रिकामी औषधाची बाटली. नदीचं पाणी त्यात भरून मुंबईला तपासायला पाठवायचं त्यांच्या मनात होतं.

कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पोरं आपापसात कुजबुजत चालत होती आणि नाना सगळ्यांच्या मागे, एकटे. रस्ता चढाचा नव्हता, पण गोटे फार. मी बघत होते — उजवा पाय टेकताना त्यांचे ओठ आवळले जात होते. मी म्हटलं, "नाना, थोडं बसू या का?" तर म्हणाले, "मी काय म्हातारा झालोय?"

ऊन चांगलं वर आल्यावर नदीला लागून एक वालाचं शेत लागलं. कडेला गवताने शाकारलेला मांडव. ते शेत भागूबायचं. नवरा नाही, मूल नाही, एकटीच राबायची. मधू आणि त्याचे मित्र दर हिवाळ्यात तिच्याकडून वालाच्या शेंगा घ्यायचे आणि मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्या भाजायचे, म्हणजे पोपटी लावायचे, हे मी घरी ऐकलं होतं. नानांनी ते कधी ऐकून घेतलं नव्हतं.

आम्ही वळणावरून पुढे आलो तर मांडवाबाहेर, सावलीत, एक खाट टाकलेली. तिच्यावर धुतलेली गोधडी. पायाकडच्या बाजूला घडी करून ठेवलेलं गोणपाट, पाय उंच ठेवायला ठेवतात तसं. भागूबाय पदराला हात पुसत सामोरी आली. बाकी कुणाकडे न बघता ती सरळ नानांकडे गेली.

"आलात? या नाना, बसा हितं. पोरगा सांगून गेला, नाना येतान मागनं, उजवा गुडघा दुखतंय त्यांचा, खाट टाकून ठेव. मंग टाकली."

कुणालाच काही समजेना. दत्तू म्हणाला, "भागूबाय, कोण पोरगा?"

"कोण म्हंजे? तुमचा त्यो. उंच. मधू."

"कधी आला होता?"

"आताच गेला की पुडं. तुमी गाठाल त्याला."

इब्राहिम पुढे झाला, "बाय, मधू तर..." म्हणाला आणि नानांनी हात वर केला. नुसता हात.

"राहू दे," ते म्हणाले.

आणि ते त्या खाटेवर बसले. मग सावकाश पाय वर घेतला आणि गोणपाटावर ठेवला. सगळ्यांसमोर. घराबाहेर त्यांनी तो पाय असा ठेवलेला मी पहिल्यांदा बघत होते. मित्रांना तर गुडघ्याचं काहीच माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे.

"एकटाच होता?" नानांनी विचारलं.

"एकलाच."

"अजून काय म्हणाला?"

भागूबायने आठवल्यासारखं केलं. "म्हनला, त्यांना पुडची चाल सोसनार नाय, पन ते सांगनार नाय. हितंच बसव. पानी दे."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. नदीचंच पाणी, दुसरं कुठलं असणार. नानांची पिशवी त्यांच्या मांडीशी होती, तिच्यात उकळलेल्या पाण्याची बाटली होती. मी बाटली काढायला हात पुढे केला, पण नानांनी तांब्या घेतला होता. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग वर धरून, न थांबता, सगळा तांब्या प्यायले.

दत्तू आणि आणखी दोघं तोवर रस्त्याने पुढे धावत गेले होते. तिथून पुढे एकीकडे नदी आणि एकीकडे डोंगराची कड, फाटा असा नाहीच. त्यांना वरून लाकडं घेऊन उतरणारी एक गाडी भेटली. गाडीवाल्याला वाटेत कुणीच दिसलं नव्हतं. पार त्यांच्या पोहायच्या डोहापर्यंत जाऊन ते घाम पुसत परत आले. नानांनी त्यांना काही विचारलं नाही. म्हणाले, "दमलात. बसा."

मग त्यांनी इब्राहिमला खाटेच्या कडेवर बसवून घेतलं. म्हणाले, "मधू इथे आला की काय करायचा, ते सांग मला."

इब्राहिम हळूहळू सांगायला लागला. मधू डोहात उडी मारायच्या आधी पाण्याला नमस्कार करायचा. भागूबायच्या शेताचा बांध फुटला तेव्हा या सगळ्यांनी पोपटी सोडून दिवसभर दगड वाहिले, त्यानेच जुंपलं त्यांना. आणि एकदा त्याने बकरीचं करडू खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, तर करडू त्याच्या सदऱ्याची कॉलर खाऊन बसलं.

"ती कॉलर," नाना म्हणाले, "मला सांगितलं, धोब्याने फाडली. मी धोब्याशी भांडून आलो."

आणि ते हसले. कित्येक महिन्यांनी... इब्राहिम मात्र रडायला लागला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने ते खाटेवर आडवे झाले आणि झोपले. गाढ. तोंड जरा उघडं, हात छातीवर. आम्ही त्यांना जाग येऊ नये म्हणून मांडवामागे जाऊन पोपटी लावली. शेंगा सोलतानाही कुणी आवाज करत नव्हतं. त्या दिवशी डोहापर्यंत मंडळी गेलीच नाहीत. नाना उठले तेव्हा उन्हं कलली होती. रिकामी बाटली पिशवीत तशीच होती. त्यांनी ती भागूबायला देऊन टाकली, "तेल ठेवायला होईल," म्हणून.

निघताना भागूबाय रस्त्याकडे बघून म्हणाली, "पोर परत नाय आला अजून."

नाना म्हणाले, "तो दुसऱ्या वाटेने जाईल."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दत्तू आणि इब्राहिम सवयीने पायरीशी थांबले. नाना म्हणाले, "आत या." आईने सगळ्यांना पाणी दिलं, आणि नानांनी तिला सगळं सांगितलं, एक शब्द न वाढवता. मला भीती वाटत होती की आई कोसळेल. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"जेवला होता का, विचारलंत?"

"नाही विचारलं," नाना म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. या खेपेला आई, नाना, मी, आणि गाडी हाकायला दत्तू. आई जन्मात कधी तेवढी चालली नव्हती. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, हातात डबा घेऊन ती त्या गोट्यांवरून सगळ्यांच्या पुढे चालत होती. डब्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

भागूबाय शेतात वाकलेली होती. आम्हाला बघून उभी राहिली. आईने स्वतःची ओळख सांगितली. मग म्हणाली, "बाई, त्या दिवशी मधू आला होता... काही खाल्लं का हो त्याने?"

"खाल्लं की बाय. भाकर दिली, वरती वालाचं कालवन. बस म्हनला त बसला नाय. उभ्यानंच खाल्ली."

"उभ्यानेच खायचा तो," आई म्हणाली. "किती सांगितलं, बसून खा, अंगी लागत नाही..."

आणि ती रडायला लागली. मधू गेल्यापासून पहिल्यांदा. शेताच्या बांधावर बसून, पदर तोंडाला लावून ती रडली. भागूबाय शेजारी बसली. आमच्यापैकी कुणीही तिला काही सांगितलं नव्हतं, पण तेव्हा तिला कळलं असावं. ती आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डबा तिने घेतला, आणि आम्ही निघालो तेव्हा तिने आईच्या ओटीत वालाच्या शेंगा घातल्या.

आता खुलासा. मी तो खूप शोधलाय. दुसराच कुणी मुलगा आला असेल? मग त्याला नानांचा गुडघा कुठून माहीत... आणि "सांगनार नाय" हे? भागूबायने लांबून लंगडणं पाहिलं असेल? मांडवातून वळणापलीकडचा रस्ता दिसत नाही. परतताना मी मुद्दाम उभी राहून बघितलं होतं. तिने रचून सांगितलं असेल? मधू गेलाय हेच तिला माहीत नव्हतं, तर ती रचेल कशासाठी? अमक्या ठिकाणी चूक झाली असेल, असं बोट ठेवायला मला आजवर जागा सापडली नाही.

त्यानंतर दत्तू आणि इब्राहिम घरचेच झाले. नाना गेले तेव्हा खांदा द्यायला ते दोघे पुढे होते. पण त्याच्या बरीच वर्षं आधी, मी बी.एस्सी. होऊन शिकवायला लागल्यावर, एकदा नानांना धीर करून विचारलं होतं. ते ओसरीवर खलबत्त्यात काहीतरी कुटत होते. म्हटलं, "नाना, खरं सांगा. तो मधूच आला होता असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी हात थांबवला नाही.

"मला काय वाटायचंय त्यात," ते म्हणाले. "त्याने खाट टाकायला सांगितली. मी बसलो."