बाईच्या वाटणीची चटणी

आमच्या पोंभुर्ण्यात हिवाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी एक म्हातारे वैद्यबुवा यायचे. मोतीबिंदूमुळे त्यांना जेमतेम दिसायचं, पण नाडी बघायला डोळे लागतात कुठे, असं ते स्वतःच म्हणायचे. शेजारच्या छपरीत सकाळी उपाशीपोटी माणसं रांगेने बसत. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा, आणि नाडी बघताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. मनगटावर तीन बोटं टेकवून ते डोळे मिटत. पहिल्या बोटाखाली नाडी सापासारखी सरपटली तर वात, दुसऱ्याखाली बेडकासारखी उडाली तर पित्त, तिसऱ्याखाली हंसासारखी डुलली तर कफ. प्रकृती जन्माबरोबर येते आणि सरणापर्यंत सोबत असते, असं ते बजावत. आमच्या आईसाठी त्यांचा शब्द अखेरचा.

त्या वर्षी आम्हा दोघी बहिणींची नाडी पहिल्यांदाच दाखवायची होती. मी आठ वर्षांची, थोरली दहाची. तिला मी बाई म्हणायचे. माझ्या नाकावर कायम राग, आणि महिन्यातून एकदा तोंड यायचंच. ही पोर पित्ताची, असं अख्खी आळी म्हणे. पित्तवाल्यांची चटणी बंद होते हे मला ठाऊक होतं, आणि मी तर जवसाच्या चटणीवर जीव टाकणारी!

आई वैद्यबुवांना द्यायचे तांदूळ सुपात आणायला घरात गेली, तेवढ्यात वैद्यबुवा म्हणाले, "लहानीले आना समोर."

मी बाईला पुढे ढकललं. "मले भेव लागते. तूच दे नं हात," तिच्या कानात पुटपुटले. बाईने हात दिला. मग थोरलीला बोलावलं, तेव्हा मी दिला. आई परतली तोवर निकाल तयार होता: लहानी वाताची, मोठी पित्ताची. बाईने बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं काही रडवेलं बघितलं, की तिने ते मिटलं.

त्या दिवसापासून ताटं वेगळी झाली. माझ्या ताटात गरम भात, त्यावर तेल, अंबाडीची आंबट भाजी आणि चटणी. बाईच्या ताटात थंड दूधभात, नाहीतर लौकीची फिकी भाजी. मी मिटक्या मारत जेवायचे, ती मूग गिळून. खरं सांगते, त्या वयात मला लाज वाटली नाही, मजाच वाटली. माझं तोंड येतच राहिलं. आई म्हणे, उन्हात हुंदडते म्हणून.

पुढे बाई लग्न होऊन अहेरीला गेली, मी कोरपन्याला. आई गेली, वैद्यबुवा तर कधीचेच गेले. आजही जवस भाजायला घेतले की छपरीतला तो गारठा आठवतो, चुलींचा धूर, रांगेत खोकणारी माणसं. ते दिवस फार हवेसे वाटतात आणि लगेच नकोसेही. कारण बाईचे गुडघे. उठता-बसता ते वाजतात. वाताच्या माणसाला थंड, फिकं खाणं सोसत नाही, हे मी आता वाचून शिकले आहे.

गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेले होते. तिने मला गरम भात, अंबाडी आणि चटणी वाढली. स्वतःला दूधभात घेतला. खाली बसताना तिचा गुडघा वाजला आणि मला राहवलं नाही.

"बाई, भेव-बिव काई नव्हतं मले. चटनीसाठी तुया हात समोर केला मी. तुये गुडघे माह्यामुळं गेले."

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली.

"मंग आईले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुले मार पडला असता. अन् मले वाटलं, दोन-चार दिवसाची गोष्ट हाय."

मी उठून दुसरं ताट घेतलं. त्यात गरम भात वाढला, वर तेल घातलं, माझ्या ताटातली सगळी चटणी कडेला ठेवली. "आता तरी खाय."

तिने हसत एक घास कालवला. चावता चावता तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. अर्धा तांब्या पाणी पिऊन तिने ते ताट माझ्याकडे सारलं.

"चांगली हाय वं. पन आता मले नाई जमत."

आणि तिने आपला दूधभात जवळ ओढला. मी ती चटणी रडत रडत खाल्ली, आणि दोघींनीही ते रडणं तिखटावर ढकललं.