तसबिरीवरचा हार

भोरात तेव्हा संस्थानी राज्य होतं आणि पेन्शनरांना वेळ जाता जात नव्हता. नाहीतर गावातल्या गेलेल्या मोठ्या माणसांच्या तसबिरी जमवायचं चार शहाण्यांच्या डोक्यात आलंच नसतं. त्यांनी मंडळ काढलं, वाचनालयाची मोठी खोली मागून घेतली आणि गावासाठी ज्यांनी ज्यांनी काही केलं, त्यांना ओळीनं भिंतीवर चढवलं. मंडळाचा एक नियम फार कडक होता. तसबीर लागली की तिला रोज सकाळी गंध आणि ताजा हार. त्यात खाडा म्हणून चालायचा नाही.

अडलं ते पेठ वसवणाऱ्या कारभाऱ्यांपाशी. गावावर सगळ्यांत मोठे उपकार त्यांचे आणि त्यांचं चित्र मात्र कुठंच नाही. पुण्याहून आणलेला चितारी म्हणाला, समोर कुणाचा तरी चेहरा बसवा, मी काढतो. मग मंडळी चेहरा शोधू लागली. गावातल्या सगळ्यांत वृद्ध गृहस्थांनी आपल्या आजोबांकडून ऐकलेल्या वर्णनावरून माझ्या वडिलांकडे बोट दाखवून निर्वाळा दिला, की कारभाऱ्यांचं कपाळ आणि नाक थेट असंच होतं. कारभाऱ्यांना पाहिलेलं एकही माणूस हयात नव्हतं, त्यामुळे वाद घालणार कोण?

वडील कचेरीत कारकून होते. उसनी पगडी आणि उसना अंगरखा घालून ते रोज संध्याकाळी चिताऱ्यासमोर बसत आणि घरी येऊन त्याची नक्कल करून आम्हाला हसवत. "अगं, मी आता कारभारी झालोय. ताट जरा मोठं वाढत जा," असं आईला म्हणत. चिताऱ्यानं काम इमानानं केलं. डाव्या भुवईवरचा तीळसुद्धा सोडला नाही.

समारंभाला आई आणि मी बायकांच्या बाजूला बसलो होतो. पडदा सरकला. वडील भिंतीवर होते आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवत होते. मग मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका पेन्शनर मुन्सफांनी, तसबिरीला गंध लावलं, झेंडूचा हार घातला आणि सगळी सभा हात जोडून उभी राहिली. वडीलही उभे राहिले. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की माझ्या बांगड्या हातात रुतल्या. जित्या माणसाच्या चित्राला हार घालत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या विद्वानांना ते कळलं नाही, कारण त्यांना भिंतीवर फक्त कारभारी दिसत होते. मला त्यांचा तेव्हा राग आला आणि आजही येतो.

पुढच्या बाजारच्या दिवशी वडील आणि मी भाजी घेत होतो. वेल्ह्याच्या बाजूनं डोंगर उतरून आलेली एक म्हातारी आमच्यासमोर थबकली आणि तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"तुमी हितं कसं?" ती म्हणाली.

"म्हणजे?" वडिलांनी विचारलं.

"सकाळच्याला म्या तुमास्नी हार घातल्याला बघितला. पाया पडून आले की."

वडील हसले आणि तिला चिताऱ्याची गोष्ट सांगू लागले. ती ऐकतच नव्हती. आमच्याकडे पाठ न करता ती एकेक पाऊल मागं सरकली आणि गर्दीत गेली. पाटी तिथंच राहिली.

त्यानंतर गावाची रीतच बदलली. वडील आले की ओट्यावरची माणसं बोलायची थांबत. न्हावी त्यांच्या मानेला हात लावताना बिचकू लागला. त्यांच्या कोटाला झेंडूचा वास येऊ लागला. ते तर वाचनालयाकडे फिरकतही नव्हते. एकदा त्यांच्या डोक्याला तेल लावताना आईचा हात थांबला. मानेच्या मागं एक बारीक लाल वळ होता, दोरा रुतल्यासारखा.

"कॉलर काचली असेल," वडील म्हणाले. त्या दिवशी त्यांनी बिनकॉलरची पैरण घातली होती. आई पदर खोचून तशीच मुन्सफांकडे निघाली आणि तिनं मलाही सोबत घेतलं.

मुन्सफांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, चेहरा तुमच्या यजमानांचा असेल, तसबीर कारभाऱ्यांची आहे," ते म्हणाले. "त्यांना हारावाचून ठेवलं तर गावाला काय वाटेल?"

"तुम्ही घाला," आई म्हणाली. "मी येऊन काढत जाईन."

मुन्सफ हसले. बाई दोन-चार दिवसांत कंटाळेल, असं त्यांना वाटलं असावं. माझ्या आईला ते ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून वाचनालयाचा शिपाई हार घालून वळला, की आई स्टुलावर चढून तो काढी, पदरानं काचेवरचं गंध पुसून टाकी आणि हार नीरा नदीत सोडून घरी येई. ऊन असो, पाऊस असो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग हसायच्याही थांबल्या. वडिलांच्या मानेवरचा वळ हळूहळू पुसट होऊन गेला. ते पुन्हा नकला करू लागले. आई हार काढते म्हणून ते आहेत, असं माझ्या मनानं घेतलं होतं. शाळेत शिकलेलं सगळं शास्त्र त्यापुढं लटकं ठरलं. अशी काही वर्षं गेली.

एका पावसाळ्याच्या अखेरीस वडील कचेरीच्या कामासाठी वेल्ह्याकडे फिरतीवर गेले होते. सकाळी आईनं नेहमीसारखी आंघोळ केली, लुगडं नेसली, दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

"आज नको," ती म्हणाली. "आज असू दे."

"अगं, पण हार?"

ती आत जाऊन चुलीपाशी बसली. चूल पेटवली नव्हती. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते. तणतणत मी एकटीच वाचनालयात गेले.

"आज आईसाहेब न्हाई आल्या?" शिपायानं विचारलं.

मी सरळ स्टूल ओढलं. स्टुलावर चढून हार काढला. काच गार होती. गंध पुसताना वडिलांचा चेहरा अगदी जवळ आला आणि तिळाकडे बघायचा मला धीर झाला नाही. नदीवर जायचं सोडून मी हार घेऊन तशीच घरी धावत आले.

आई अजून चुलीपाशीच होती. तिनं माझ्या हातातल्या हाराकडे पाहिलं.

"कशाला काढलास?" ती म्हणाली. "जा, परत घालून ये. उघडे दिसतील."

तिचा आवाज नेहमीचाच होता, म्हणून मला उलट बोलता आलं नाही. मी परत गेले. शिपायानं स्टूल धरलं. मी हार घातला, तो नीट मधोमध आणला आणि रडत घरी निघाले. का रडतेय, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

घराशी आले तर आमच्या पायरीवर एक अनोळखी माणूस बसला होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरलेलं. त्यानं अजून दार वाजवलं नव्हतं.

"कचेरीतल्या रावसाहेबांचं घर ह्येच का?" त्यानं खाली बघत विचारलं.

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. ती बाहेर आली नव्हती, आणि पायरी तिथून दिसत नाही.

"त्याला आधी पाणी दे," ती म्हणाली. "वेल्ह्याहून चालत आलाय तो."