मिश्रीचं बोट

माझी माय चांगुणा मुरूम गावच्या दूध सोसायटीत कॅन धुवायची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली, पण आपलं काम कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. जिभेनं तिखट आणि स्वतःच्या दुखण्याबाबत पक्की चोर. वर्षभर घास उतरत नव्हता, अंगावरचं लुगडं सैल पडलं होतं, तरी विचारलं की एकच उत्तर, "जळजळतंय जरा." मला भीती वेगळीच होती. तिचा बाप, माझा आजा पिराजी, असाच जेवण सोडत सोडत पोटातल्या गोळ्यानं गेला होता.

त्र्याऐंशी साली मी भांडून तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी तोंडातून नळी घालून पोट आतून बघू. तोवर अन्नपाणी बंद. आम्ही व्हरांड्यातच मुक्काम केला आणि मी तिच्यावर सासूसारखी नजर ठेवली. तिच्या पोटात पाण्याचा थेंबही गेला नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

सकाळी फवारा मारून तिचा घसा बधिर केला, डाव्या कुशीवर निजवलं, दातांत प्लॅस्टिकचं कडं दिलं. माय एकटी निजेना, म्हणून मला हात धरून उभं राहू दिलं. काळी नळी आत गेली. मायच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टर नळीच्या वरच्या टोकाला डोळा लावून बघत होते. बघता बघता थांबले.

"आत काळं साचलंय," ते नर्सला म्हणाले. "जुनं रक्त असावं. खालचं काहीच दिसत नाही. भरती करून घ्या, बहुतेक पोट उघडावं लागेल."

मायनं ते ऐकलं आणि ती चुळबुळायला लागली. "हलू नका बाई," नर्स दरडावली. मायनं माझ्या हातातून हात सोडवला, मला जवळ ओढलं आणि तर्जनी माझ्या दातांवर घासली. डावीकडून उजवीकडं, पुन्हा डावीकडं. हिला भ्रम झाला असंच मला वाटलं. मग उमगलं. रोज सकाळी मीही हेच करत होते.

"साहेब, मिश्री हाय ती," मी म्हणाले. "जाळलेली तंबाखू. दाताला लावताव आमी. पोटात आग झाली की माय ती गिळती. सकाळी तोंड धुया गेली हुती, तवाच लावली आसंल."

मायनं पापण्या मिटून होकार दिला. डॉक्टर वैतागले. मिश्रीला आमच्यात कुणी खाणं म्हणत नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी नळीतूनच पाणी सोडलं, ओढून घेतलं, पुन्हा सोडलं. काळं धुऊन निघालं. सुटलो बाई, असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. त्या काळ्याखाली त्यांना जखम दिसली होती, कडा उचललेल्या, गाठीगाठींच्या. तिच्या कडेनं फिरून त्यांनी निरनिराळ्या जागचे बारीक तुकडे तपासायला घेतले. एकाच जागचा घेतला तर फसगत होते, म्हणाले.

आठवड्यानं निकाल आला. कॅन्सर.

"गाठ लहान दिसतेय, ऑपरेशन करू, आशा आहे," डॉक्टर म्हणाले. मग घरात आणखी कुणाला होता, ते विचारलं. मी आजाचं सांगितलं. "म्हणजे रक्तातच जोखीम, वर तंबाखू. तुमच्यापैकी कुणाला पोटाचा त्रास असेल तर त्यांचंही बघायला हवं."

मायनं माझ्या कमरेची मिश्रीची डबी ओढून काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"आदी हिला बघा. दाढ दुखती म्हणून ल्हानपणी म्याच लावली हिला मिश्री. हिला बी जळजळतंय, मला सांगत न्हाय."

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मी तपासणीला निजल्याशिवाय ती ऑपरेशनला तयारच होईना. शेवटी त्याच टेबलावर मी निजले. घशात नळी, तोंडातून शब्द निघेना, आणि माझा हात मायच्या हातात. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

"सूज आहे. गाठ नाही."

स्वतःच्या निकालाला माय रडली नव्हती. आता तिथंच खाली बसून मोठ्यानं रडली. मग पदरानं तोंड पुसून डॉक्टरांना म्हणाली, "आता मला कापा."