पूर्ण बाह्यांचा शर्ट

देवाचं बोलावणं आल्याशिवाय घृष्णेश्वराचं दर्शन घडत नाही, अशी आमच्या भागात श्रद्धा आहे. मला ते बोलावणं आलं, तेव्हा आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल मशीनने फरशी फोडायचं काम चालू होतं.

सार्थकला, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला, तसले आवाज सहन होत नाहीत. कुकरची शिट्टी सहन होत नाही, शर्टाची कॉलर सहन होत नाही, गर्दीत कोणाचा धक्का लागला तर अजिबात नाही. असं काही झालं की तो आधी अंगातला शर्ट काढून फेकतो. मग किंचाळतो, हाताला लागेल ते आपटतो आणि कोणी धरायला गेलं की चावतो. डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी त्याच्या आजाराला एक लांबलचक नाव दिलं, औषधं दिली आणि आम्हाला धीर दिला. औषधं अजून चालू आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी आपल्या मुलाची औषधं बंद करायला नको.

नातेवाइकांकडे अर्थातच डॉक्टरांपेक्षा जास्त उपाय होते. कोणी लिंबू उतरवलं, कोणी पत्रिका मागवली, कोणी सांगितलं की हे सगळं मोबाइलमुळे आहे. सार्थक मोबाइलला हातही लावत नाही. शहागंजातल्या ओळखीच्या एका दुकानदाराने मोठ्या मायेने दंडावर बांधायला ताईत दिला. सार्थकने तो चावून पाहिला आणि परत केला. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे या उपायांकडे मी जरा वरूनच बघत असे. पण खरं सांगायचं तर माझाही एक उपाय होता आणि तो लिंबापेक्षा फारसा शास्त्रीय नव्हता. मी पूर्ण बाह्यांचे शर्ट वापरत होतो. एप्रिलमध्ये, आपल्या गावच्या उन्हात, मनगटाची बटणं लावून. दोन्ही हातांवर दातांच्या खुणा होत्या. काही जुन्या, काही ताज्या. त्या कोणाला दिसल्या नाहीत की घरात सगळं ठीक आहे, असं मला निदान कॉलेजच्या वेळेत तरी वाटत असे.

त्या वसंतात गोष्ट निकरावर आली होती. शाळेने हात जोडले. पुण्याजवळच्या एका निवासी संस्थेत अशी मुलं ठेवून घेतात असं कळलं. मी एकटाच जाऊन पाहून आलो. जागा स्वच्छ होती, माणसं शांत होती, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. एक जागा आहे, सोमवारपर्यंत कळवा, असं ते म्हणाले. शुभांगीने, माझ्या पत्नीने, सगळं ऐकून घेतलं आणि ती भाजी निवडत बसली. तिला नाही म्हणायचं होतं, पण आपल्याच्याने झेपत नाही हेही तिला माहीत होतं. मला हो म्हणायचं होतं आणि तो शब्द तोंडातून निघत नव्हता. असे आम्ही दोघं तीन खोल्यांच्या घरात एकमेकांना ओलांडून वावरत होतो.

आणि त्या गुरुवारी वरच्यांचं ड्रिल सुरू झालं. सार्थकने कान दाबून भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. शुभांगी वरच्यांशी बोलायला जिना चढली आणि मी त्याला उचलून गाडीत घातलं. चालत्या गाडीत तो शांत राहतो, मागे पळणारी झाडं बघतो. गाडी थांबली की त्याची शांतताही संपते. म्हणून मी नाकासमोर निघालो. पडेगाव गेलं, दौलताबाद गेलं, घाट चढून खुलताबादही गेलं. देवळात जायचा विचार मनातही नव्हता. वेरूळच्या पुढे कन्नडपर्यंत जायचं, चहाही न पिता वळायचं आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

वेरूळला पोलिसांनी हात केला. कोणी मोठे पुढारी दर्शनाला येत होते आणि त्यांच्या गाड्यांसाठी रस्ता मोकळा करायचा होता, म्हणून सामान्य जनतेच्या गाड्या देवळाजवळच्या पार्किंगमध्ये लोटणं चालू होतं. मी काच खाली करून सांगायचा प्रयत्न केला की माझी गाडी थांबवू नका, माझ्या मुलाला थांबणं चालत नाही. पोलिस म्हणाला, "साहेब, थांबणं कुणालाच चालत नाय." वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गाडी थांबली तसा सार्थक दार उघडून उतरला आणि चालू लागला. चपला त्याने वाटेतच सोडल्या. मीही माझ्या तिथेच सोडून मागे धावलो. हाक मारून उपयोग नसतो आणि धरलं तर काय होतं ते माझ्या हातांवर लिहिलेलं होतं, म्हणून नुसता मागे राहिलो. माणसं जात होती तिकडे तो गेला आणि मी गाठेपर्यंत आम्ही दोघंही दर्शनाच्या रांगेत होतो. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. मागे मिनिटागणिक वाढणारी माणसं. परत फिरायला जागा नव्हती. रांग सरकत होती तोवर ठीक होतं. सभामंडपात पोचल्यावर ती थांबवण्यात आली, कारण पुढारी आले होते.

मला आता पुढचं सगळं दिसत होतं. गर्दी, घाम, घंटांचा आवाज, खांद्याला लागणारे खांदे. त्याला सहन न होणाऱ्या गोष्टींच्या यादीतलं काहीही राहिलं नव्हतं. सार्थकचा श्वास जोरात चालू झाला. त्याने कॉलर ओढली, बटणं तोडली आणि शर्ट काढून फेकला. मी डोळे मिटले नाहीत, पण मिटायला हवे होते असं वाटलं. कठड्यापलीकडचा सेवेकरी आमच्याकडेच यायला निघाला. धोतर, गळ्यात रुद्राक्ष, चेहऱ्यावर दिवसभर तेच तेच सांगून आलेला कंटाळा. माफी कशी मागायची ते मला पाठ होतं. मी तोंड उघडलं.

तो सार्थककडे एक नजर टाकून मला म्हणाला, "याचं झालंय. तुमचा राहिला. काढा शर्ट."

मला कळेना. मग मी आजूबाजूला पाहिलं. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानेच जायचं असतं, हे मला माहीत होतं, शाळेच्या सहलीत मीही तसाच गेलो होतो. पण त्या क्षणी ते आठवलंच नव्हतं. माझ्यापुढचे, मागचे, सगळे पुरुष शर्ट काढत होते. कोणी गुंडाळून बगलेत धरला होता, कोणी कमरेला बांधला होता. पुढाऱ्यांनीही कडक इस्त्रीचा पांढरा सदरा काढला होता आणि त्यांच्या घोळक्यातही सदरे उतरल्यावर पुढारी कोण नि कार्यकर्ता कोण, हे पोटावरूनच काय ते ओळखू येत होतं. त्या एवढ्या माणसांत शर्ट अंगात ठेवून उभा असलेला, चारचौघांपेक्षा वेगळा वागणारा माणूस एकच होता. सार्थक माझ्याकडे बघत होता. त्याचा श्वास हळू झाला होता.

मी मनगटाची बटणं सोडली.

माझ्या शेजारी एक म्हातारबाबा होते, पाचोडकडचे. त्यांनी माझ्या दंडापासून खालपर्यंत नजर फिरवली, शेतात कीड कुठवर आलीये ते बघावं तशी.

"कुत्रं?" त्यांनी विचारलं.

"पोरगं," मी म्हणालो. हे मी कोणाला पहिल्यांदाच सांगत होतो.

"मंग बरंय," ते म्हणाले. "कुत्र्याची सुई लई दुखती."

आणि ते पुढे बघू लागले. कीव नाही, उपाय नाही, कोणत्या देवाचं काय राहिलंय याची चौकशी नाही. मी तसाच उभा राहिलो. पाठीवर वारा लागत होता आणि मला काय होतंय ते समजत नव्हतं.

रांग आत गेली. गाभाऱ्यात पाणी, दूध, बेलाची पानं, ओल्या अंगांची दाटी. अनोळखी माणसांचे दंड सार्थकला लागत होते आणि तो किंचाळत नव्हता. एरवी तिथं 'चला, चला' म्हणून कोणाला टेकू देत नाहीत. पण गुरुजी पुढाऱ्यांच्या संकल्पात अडकले होते. गोत्र काही पुढाऱ्यांना आठवेना, तेव्हा ते कश्यप ठरलं. मग त्यांनी सांभाळलेली सगळी पदं कार्यकर्त्यांनी एकापाठोपाठ एक सांगायला घेतली. ती पदं संपेपर्यंत आमच्याकडे बघायला कोणालाही वेळ नव्हता. कोणाच्याही पदांबद्दल मला एवढी कृतज्ञता वाटलेली नाही.

सार्थक पिंडीपाशी बसला. दोन्ही तळवे त्याने पिंडीवर ठेवले, मग गाल टेकवला. किती वेळ ते सांगता येणार नाही. वरून लोक पाणी घालत होते, ते त्याच्या केसांतून, पाठीवरून वाहत होतं. दगड थंड का असतो, पाणी अंगाची उष्णता कशी नेतं, हे मी वर्गात शिकवू शकतो. ते सगळं खरंच आहे. पण त्या वेळी मला त्यातलं काही आठवलं नाही. माझे गुडघे आपोआप टेकले. मग त्याने तोंड वर केलं, ओला तळवा उचलला आणि माझ्या हातावर, सगळ्यांत ताज्या खुणेवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मग दुसरी खूण शोधून तिच्यावर ठेवला.

"थंड," तो म्हणाला. "बाबा, थंड."

त्याच्या जन्मानंतर मी देवाकडे काही मागितलं असेल, तर एवढंच की याला चारचौघांसारखा कर. त्या दुपारी त्याने चारचौघांना याच्यासारखं केलं, अगदी मलासुद्धा. आपण मागतो एक आणि आपल्याला हवं असतं दुसरंच, हे ओळखणारा कोणीतरी आहे, एवढंच मी म्हणेन. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी तिथं हात जोडले आणि काहीही मागितलं नाही. तसं हात जोडणं मला तोवर माहीत नव्हतं.

चमत्कार म्हणाल तर झाला नाही. परतताना घाटात मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि सार्थकने समोरच्या डॅशबोर्डवर लाथा घातल्या. संध्याकाळी एक ताट फुटलं. शुभांगी तुकडे उचलत असताना मी तिला सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "मग मला कधी नेताय?" आम्ही दोघं किती तरी दिवसांनी एकाच खोलीत बसून होतो. त्याला आत्ता पाठवायचं नाही, हे आमच्यापैकी कोणी बोललं नाही, पण ठरलं. उद्या आमच्याने झालं नाही तर तेव्हाचा रस्ता तेव्हा दिसेल. माझ्या हातात आहे असं मी धरून चाललो होतो, त्यातलं बरंचसं माझ्या हातात कधी नव्हतंच. हे कळल्यावर भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी झोप लागली.

सोमवारी मी संस्थेला फोन केला. कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करून, आवाज शक्य तितका स्थिर ठेवून मी म्हणालो की आम्ही खूप विचार केला आणि मुलाला आपल्यापाशीच ठेवायचं ठरवलं आहे. पलीकडच्या बाई म्हणाल्या की काही हरकत नाही, ती जागा गेल्या बुधवारीच भरली.